सदुसष्ट नंबरची साखर

सोमवारी सकाळी सहा वाजता माझी पूजा आणि देवव्रतचा सामना एकाच वेळी सुरू व्हायचा. तिकडे अमेरिकेत रविवारची दुपार, इकडे न्यूझीलंडला, पापाकुऱ्यात, नुकतं फटफटत असायचं. देव्हाऱ्याशेजारच्या स्टुलावर लॅपटॉप, त्याचा आवाज अगदी बारीक, कारण माझं स्तोत्र चालू असायचं. अमेरिकन फुटबॉलमधलं मला फारसं कळत नव्हतं. एवढं माहीत होतं की ऑफेन्सिव्ह लाइनमन पाच असतात. मागे एकजण चेंडू फेकायला उभा असतो आणि समोरून धिप्पाड माणसं त्याच्या अंगावर धावून येतात. त्यांच्या मधे या पाचजणांनी उभं राहायचं. डावीकडून दुसरा, सदुसष्ट नंबरचा, तो माझा मुलगा. त्याच्या हातात चेंडू कधी येत नाही. कॅमेरा चेंडूमागे पळतो, त्यामुळे देवव्रत दिसायचाही नाही. माणसांच्या ढिगाऱ्यात कुठेतरी त्याची पाठ दिसली तर दिसली.

पण मधूनच एखादा पंच पिवळं फडकं मैदानावर टाकायचा, खेळ थांबायचा, आणि दुसरा एक पंच कॅमेऱ्याकडे तोंड करून नंबर पुकारायचा. 'सिक्स्टी सेव्हन' ऐकू आलं की मी शंकरापुढे चिमूटभर साखर ठेवायचे. हळदीसारखं पिवळं फडकं, भरल्या स्टेडियमसमोर माझ्या लेकराचा नंबर. मला तो मानच वाटला. एका सोमवारी तीनदा पुकारला. तीनदा साखर ठेवली. हे, म्हणजे देवव्रतचे बाबा, सोफ्यावर बसून सगळं बघत होते. 

उंची त्याला माझ्या माहेरची. पंधराव्या वर्षी दाराच्या चौकटीखालून वाकून जायचा. शाळेत रग्बी खेळायचा, मित्रांत रमलेला असायचा. इथल्याच अल्बनीला एका शिबिरात अमेरिकेतल्या कॉलेजचा कोच आला होता. त्याने देवव्रतला बूट काढायला सांगितले, वाकून घोटे चाचपले, खांदे दाबून बघितले आणि यांना म्हणाला, "याच्यात अजून पंचवीस किलो मावतील." हे वाक्य यांनी महिनाभर भेटेल त्याला सांगितलं.

मग पंचवीस किलो भरायचं काम निघालं. माझ्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही. यांनी गॅरेजमध्ये वेगळी शेगडी मांडली आणि मुलाला दिवसातून सहा वेळा खायला घालायला लागले. घरात माझी संकष्टी, माझी एकादशी, आणि गॅरेजमध्ये मुलगा डोळ्यांत पाणी येईपर्यंत चिकन गिळतोय. "आई, आयॅम सो फुल," असं तो मला येऊन सांगायचा. बाबांना सांगायचा नाही. मीही यांना सांगितलं नाही.

आमच्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला तिथल्या नीलिमाने सगळ्यांदेखत विचारलं, "लाइनमन म्हणजे विजेच्या खांबावर चढतो तोच ना गं? त्यासाठी अमेरिकेला कशाला धाडायचं, महावितरणमध्ये लागला असता की." सगळे हसले. हेही हसले. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाले, "हीच नीलिमा एक दिवस सत्कारात त्याच्या हाती नारळ देईल. बघ तू."

कॉलेजची चार वर्षं झाली. व्यावसायिक टीमवाल्यांनी नव्या मुलांची निवड केली त्यात त्याला कोणी घेतलं नाही. शेवटी एका टीमने सरावापुरता ठेवला. म्हणजे बाकीच्यांनी धडका मारायची सवय करायची, ती याच्यावर. अशी दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी त्याच्या जागेवरचा खेळाडू जखमी झाला आणि याला उभं केलं. अकरा सामने खेळला. माझी साखर ती त्या अकरा सामन्यांतली. अकराव्यात त्याचा डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, आणि मार्चमध्ये ऑफिसातल्या कुणीतरी फोन करून डावपेच असलेला टीमचा टॅब्लेट जमा करायला सांगितलं. काढलं, असं म्हणतसुद्धा नाहीत तिकडे. टॅब्लेट मागतात.

एप्रिलमध्ये तो घरी आला. जिना चढताना आधी उजवा पाय, मग कठडा धरून डावा. मी चहा केला आणि त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "तुझा नंबर पुकारला ना, की दर वेळी मी साखर ठेवत होते हो देवापुढे."

त्याने कप खाली ठेवला. "पुकारला म्हणजे? पिवळा फ्लॅग पडल्यावर?"

"हो. एकदा तर तीनदा."

"आई, तो चूक झाली की पडतो. माझ्यामुळे टीमला दहा यार्ड मागे जावं लागायचं."

"आणि चांगलं खेळलं की?"

"नथिंग. तेव्हा कोणी नाव घेत नाही. दॅट्स द जॉब." तो जरासा हसला आणि बाबांकडे वळला. "तुम्ही तिला सांगितलं नाही?"

हे फोनमध्ये बघत म्हणाले, "ती खूश होती. कशाला उगाच?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पोराच्या चुका झाल्या आणि मी देवाला गोड दिलं. देवाला काय वाटलं असेल, आणखी हव्यात मला? पुढच्या सोमवारी मी सोळा सोमवारांचा संकल्प सोडला. झालं ते पोटात घाल आणि याला पुन्हा टीममध्ये जागा दे, असं मागितलं. त्याला विचारलं नाही. मुलासाठी मागताना मुलाला काय विचारायचं, असंच मला वाटलं.

जूनमध्ये इथल्या सर्जनने गुडघ्याचे फोटो बघून सांगितलं की आणखी एक धडक बसली तर सरळ चालणं विसरा. हे म्हणाले, "डॉक्टर लोक हातचं राखूनच बोलतात." पंधराव्या सोमवारनंतर दोनच दिवसांनी एका दुसऱ्या टीमचा फोन आला. माणूस कमी पडतोय, शिबिराला ये, बघू. यांनी तिथल्या तिथे मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. नीलिमाचाच पहिला अंगठा आला.

देवव्रत मागच्या अंगणात मला एकटीला गाठून म्हणाला, "मला जायचं नाहीये."

"मग बाबांना सांग ना."

"तू सांग."

"माझं कधी ऐकलंय त्यांनी?"

 तो म्हणाला, "तुझे ते मंडेज. माझ्यासाठीच ना? काय मागितलंस?"

मी सांगितलं.

"आणि उपवास मोडला तर?"

"फळ मिळत नाही."

"सो, मग टीम नाही."

"असं बोलू नये रे," मी म्हटलं.

सोळावा सोमवार आला. दुसऱ्या दिवशीचं त्याचं विमान होतं. या उपवासाला मीठ चालत नाही. संध्याकाळी पूजा करून चुरम्याचे तीन भाग करायचे, एक देवाचा, एक वाटायचा, एक आपला, आणि मगच तोंडात घास घालायचा. दुपारी मी कणीक भाजत होते. देवव्रत लंगडत कोपऱ्यावर गेला आणि गरम चिप्सचा, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या फोडींचा, पुडा घेऊन आला. मागच्या पायरीवर बसला आणि मला हाक मारली. मी पदराला हात पुसत गेले. व्हिनेगर आणि मिठाचा वास येत होता.

"आई, एक खा."

"आज सोळावा आहे."

"माहीत आहे. म्हणूनच." एरवी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देणारा मुलगा शब्द जुळवून बोलत होता. "मी बाबांना नाही म्हणू शकत नाही. पण तुझा उपवास मोडला तर मी सांगेन, देवानेच नको म्हटलं. ते तुझ्यावर चिडतील. माझ्यासाठी एवढं कर. एकच खा."

त्याने एक चिप माझ्यापुढे धरली. एवढा मोठा हात, दोन बोटं कधीतरी मोडून वाकडी जुळलेली.  तीस वर्षांत माझा एकही नेम मोडला नव्हता. बाळंतपणात नाही, सासूबाई गेल्या तेव्हा नाही. मला तेव्हा त्याच्या गुडघ्याची भीती वाटायला हवी होती. मला शंकराची वाटली.

"संध्याकाळी प्रसाद खाऊ या हं दोघं," मी म्हटलं. "देव सांभाळून घेईल."

त्याने ती चिप स्वतः खाल्ली. मग उरलेल्याही खाल्ल्या, सगळ्या, गॅरेजमध्ये खायचा तशा, न थांबता.

संध्याकाळी पूजा छान झाली. यांनी स्वतः आरती म्हटली. देवव्रतने गुडघा वाकत नाही म्हणून उभ्यानेच नमस्कार केला आणि चुरमा दोन्ही हातांत घेऊन खाल्ला. प्रसाद नाकारायचा नसतो, हे त्याला मीच शिकवलं होतं.

शिबिराच्या दुसऱ्याच दिवशी गेला गुडघा. सामन्यात नाही, सरावात. कोणी नंबरसुद्धा पुकारला नसेल.

आता तो इथेच पेनरोजला एका डेपोत बसून काम करतो. अठ्ठाविसाव्या वर्षी हातात काठी आहे. यांनी त्याची सदुसष्ट नंबरची जर्सी काचेत घालून हॉलमध्ये लावली आहे आणि पाहुण्यांना सांगतात, "थोडक्यात हुकलं हो. एक सीझन मिळता तर." गणपतीत मंडळाने सत्कार केला. नीलिमाने नारळ दिला. काठीमुळे त्याला तो एकाच हातात घ्यावा लागला.

माझे सोमवार अजून आहेत. धरते, पण काही मागत नाही. मागच्या सोमवारी तो कामावरून येताना चिप्स घेऊन आला आणि पाय लांब करून मागच्या पायरीवर बसला. मी जाऊन शेजारी बसले. पुड्यातली एक उचलली आणि तोंडात टाकली. मीठ जिभेला झोंबलं.

तो माझ्याकडे वळला. "आई, मंडे आहे."

"माहीत आहे."

"आता खातेस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, माझ्यासारखाच हळू बोलतो तो. मग त्याने पुडा उचलला आणि आपल्या पलीकडच्या बाजूला ठेवला.