कोणाचं बी

कमळाने कणगीत हात घालून मूठभर भात काढलं आणि साहेबाच्या कापडी पिशवीत सोडलं. रत्नागिरीच्या भात संशोधन केंद्रातून स्कूटरवर आलेला हा पोरगेला साहेब पडवीत मांडी घालून फॉर्म भरत होता. यंदा, चौऱ्याऐंशी साली, खाडीचं खारं पाणी बांधावरून आत आलं. आसपासची खाजणं, खाडीकाठची भातशेतं, जळून गेली, पण या वाडीचं भात तगलं. ते कसं, हे शोधायला त्याला धाडलं होतं.

“हे बियाणं काढलं कोणी?”

“आमच्या ह्यांनी.”

“नाव?”

नवऱ्याचं नाव कमळाने उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. तो जाऊन चार वर्षं झाली तरी जीभ वळेना. पोटी मूलबाळ नाही, भावकी सगळी मुंबईला. घरात दिवसचे दिवस कोणाचा शब्द म्हणून कानावर पडत नसे. आज आपण बोललो नाही, तर हे नाव पुढे घेणार कोण? तिने खांबाकडे तोंड केलं.

“आत्माराम.”

साहेबाने लिहून घेतलं. तिला इतकं बरं वाटलं की तिने न विचारताच गुळाचा चहा टाकला.

खातरजमेसाठी आणखी दोन घरं विचारायची होती. वाट दाखवायला कमळाच निघाली. शेजारी रावजीची बायको आनंदीबाई सुपात तांदूळ पाखडत बसली होती. वयाने थोर, तिला नवरा सोडून कोणाचंही नाव घ्यायची मुभा.

“ह्ये आत्मारामाचं बी,” ती म्हणाली. “आमच्या मालकांनी हिच्याच घरनं आणलंनी.”

कमळाची मान ताठ झाली. पुढचं घर जनीचं.

“रावजीचं बी,” जनी म्हणाली.

साहेबाने पेन थांबवलं. “रावजीकडे आलं आत्मारामाकडून. मग आत्मारामाकडे?”

“आमच्या सासूकडनं. बांध फुटला त्या सालाला ह्या कमळेची कणगी रिती व्हती. काय गो कमळे, तुमच्यात आमच्या सासूच्या नावानं येसूबाईचं बी म्हणायचात ना?”

“मग तुम्ही रावजीचं का म्हणता?” साहेबाने विचारलं.

“पुढं आमचं कुजलं, तवा रावजीकडनं आणलं. ज्याच्या घरनं येतं त्याचं नाव.”

साहेब हसला. हसण्यात खोट नव्हती, पण कमळाला ते लागलं.

“म्हणजे कोणी एकाने काढलेलंच नाही,” तो म्हणाला. “खारं पाणी आलं, नाजूक रोपं मेली. उरली त्यांचं बी तुम्ही पेरलंत. एकाचं बुडालं की दुसऱ्याकडून नेलंत. साठ-सत्तर वर्षं हेच.”

“पण केलं कोणी?”

“कोणीच नाही. सगळ्यांनी मिळून, न ठरवता.”

“कोणी केल्याबिगर चूल पण पेटत नाय, साहेब.”

जनीनेही मान हलवली. साहेब म्हणाला की कॉलेजात त्यालाही वर्षभर हे पटलं नव्हतं. कमळाला वाटलं, हा पोरगा आपल्या घरातला माणूस उचलून नेतोय आणि त्याच्या जागी खारं पाणी ठेवतोय. डोळे भरून आले, ते तिने पदराने टिपले.

साहेब ओशाळला. “राहू दे का नाव? वर कोणी विचारत नाही.”

जनी उगाच अंगणातल्या कोंबडीला हाकलू लागली. कमळाने कागदाकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी नाव कुठे लिहिलंय ते ठाऊक होतं.

“खोडा,” ती म्हणाली. “येसूबाईनं पायली भरून दिलंन, तवा मी व्हते तिथं.”

त्याने रेघ मारली आणि वर ‘स्थानिक’ असं लिहिलं. स्कूटर रत्नागिरीच्या वाटेला लागली.

मे अखेरीला वाडीत पेरणीची लगबग सुरू झाली. एका सकाळी कमळा रिकामी पायली घेऊन आनंदीबाईच्या दारात उभी राहिली. घरची कणगी तिची निम्म्याहून जास्त भरलेली होती.

“काकी, बी मिळंल थोडं?”

“मिळंल की. आत्मारामाचं देऊ?”

कमळाचे कान चांगले तिखट होते. तरी ती उंबऱ्याजवळ सरकली.

“काय म्हणालात?”

“आत्मारामाचं गो,” आनंदीबाई मोठ्याने म्हणाली. “आत्मारामाचं.”