हरभऱ्याचे शेंडे

दुसऱ्यांदाही तोच निकाल आला, तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या मशीनला अस्सल गावरान शिवी हासडली.

माझं काम सांगायला सोपं, करायला जीव काढणारं. हरभऱ्याच्या रोपांना मर रोगाची बुरशी लावायची. मुळाला तिचा सुगावा लागला की रोप आपली निजलेली जनुकं जागी करतं आणि बुरशीला विरघळवणारी प्रथिनं बनवू लागतं. कोणती जनुकं जागी झाली, ते निरोगी रोपांशी ताडून बघायचं. निरोगी रोपांत ती निजलेलीच हवीत. माझ्या निरोगी रोपांत मात्र सगळी टक्क जागी!

सर म्हणाले, "दिपाली, हात नीट धूत जा."

हात! रसायनं बदलून झाली, नळ्या बदलून झाल्या, हात तर सोलून निघाले होते. बियाणं एका पेरणीपुरतं उरलेलं. ती हुकली की थंडी संपणार, आणि जूनमध्ये माझी पीएच.डी.ची मुदतच संपत होती. मला रडावंसं वाटत होतं.

दुष्काळामुळं विद्यापीठाच्या शेडमध्ये पाणी नव्हतं, म्हणून सगळे ट्रे मी पुंडलिकनगरला आमच्या गच्चीवर आणले होते. तिथंही टँकरचंच पाणी, पण निदान यायचं. ते तांब्यानं घालायचं काम माझ्या सासूबाईंकडं, बानाबाईंकडं. गावाकडं, पिशोरला, विहीर आटली तशी मेंढरं दिरांच्या हवाली करून त्या आमच्याकडं आल्या होत्या. मी त्यांना बजावलं होतं, "आत्या, लाल दोरा बांधलेल्या ट्रेला हात लावायचा नाही. त्यात रोग आहे." त्यांनी शब्द पाळला.

त्या संध्याकाळी कावून घरी आले आणि जेवायला बसले. भाकरी, ठेचा, हरभऱ्याची भाजी. भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि त्यातले कोवळे शेंडे नजरेत भरले.

"आत्या, ही भाजी कुठली?"

"वरची. लाल दोऱ्याची नाय बरं, चांगल्या ट्रेतली."

"तुम्ही शेंडे खुडता?"

"मग? खुडल्याबिगर हरभरा फुटतो व्हय? आन् खुडलेलं काय फेकून देऊ, ह्या दुष्काळात?"

माझं डोकंच फिरलं. निरोगी ट्रे डेरेदार झाले, तेव्हा माझ्या हाताला गुण आहे म्हणून मी मिरवले होते! "अहो, शेंडा खुडला की रोपाला वाटतं, कुणीतरी खायला आलं. रोगानं जी जनुकं जागी होतात, त्यातली कितीतरी जखमेनंही जागी होतात. जखम एका जागी, खबर साऱ्या अंगाला! त्याला तोंड नाही तरी ते सांगतं. तुम्हाला तोंड असून एका शब्दानं सांगता आलं नाही?"

बानाबाईंनी भाकरीचा तुकडा शांतपणे मोडला. "तोंड तुलाबी व्हतं की. दोन महिने लई ग्वाड म्हणून खाल्लीस. बाजारात हिरवं पान दिसंना, मग ही कुठून आली, ईचारलंस का एकदा तरी?"

मी तशीच उठले आणि गच्चीवर जाऊन उरलेलं बी पेरलं. बानाबाई मागून तांब्या घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी ताटात पिठलं होतं. बसायच्या आधी मी विचारलं, हरभरा कुठला.