मशीन थांबायचे ते पान

सकाळचे ऊन खिडकीच्या गजांतून उतरून आधी भिंतीला टेकले, मग रिळांच्या डब्यावर आले, मग शिलाई मशीनच्या काळ्या मानेवर. त्याला कसलीच घाई नव्हती. एकेका धाग्याचा रंग जागा करीत ते वहिनीच्या बोटांपर्यंत पोचले, तेव्हा ती धाकट्या दिराच्या नव्या सदऱ्याला शेवटचे बटण लावत होती. तो बनियनवर दारात उभा राहून ते ऊन असे पाहत होता, की जणू आज त्याला कुठे जायचेच नव्हते.

वास्तविक साडेदहाला त्याला साप्ताहिकाच्या कचेरीत पोचायचे होते. नुकत्याच वाचलेल्या पुस्तकांवरची त्याची पत्रे दोन वर्षे वाचकांच्या पानावर येत होती. आता संपादिकाबाईंनी नोकरीच देऊ केली होती: आठवड्याला तीन पुस्तके, आणि त्यांवर त्याचे मत.

“घाला, आणि तिथे तोंड उघडा जरा,” वहिनी दाताने दोरा तोडत म्हणाली. “नाहीतर त्यांना वाटेल, सदराच नोकरीला आलाय.”

दादा फिरतीवर असे. वहिनी दिवसभर शिवायची, आणि तिचे हात गुंतलेले म्हणून तो तिला वाचून दाखवायचा. पुस्तक रंगले की मशीन थांबायचे. मग ती एखादे वाक्य बोलायची आणि पुन्हा पायडल मारायची. त्यावरून आपल्याला सुचते, असे तो मानत असे.

कचेरीत तो बोलला. स्वतःलाच नवल वाटावे इतका बोलला. रहस्यकथेतला खुनी एवढा हुशार, की शेवटी पकडला जातो तो निव्वळ लेखकावर उपकार म्हणून. प्रवासवर्णनात सात डोंगर, पण लेखकाचे पाय एकदाही दुखत नाहीत. मुंग्यांवरचे शास्त्रीय पुस्तक मात्र कादंबरीला लाजवील असे. राणी मेली त्या पानावर जेवण विसरायला झाले. आणि कवितासंग्रहातला कवी नऊ कविता स्वतःच्याच प्रेमात आहे, दहावीत त्याला आईचे गुडघे आठवतात आणि तिथे तो कवी होतो. बाई खळखळून हसल्या. शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला त्यांनी मुद्दाम ऐकायला बोलावले. त्याचे कान तापले होते, पण जीभ थांबत नव्हती.

मग त्यांनी एक नवीकोरी कादंबरी पुढे सरकवली. ती अजून बाजारात यायची होती. पलीकडच्या खोलीत बसून पहिले प्रकरण वाचावे, चार ओळी लिहाव्यात. तोवर नेमणुकीचे पत्र टाईप होईल, असे म्हणाल्या.

खोली शांत होती. त्याने प्रकरण वाचले, पुन्हा वाचले. बाराव्या पानावर त्याच्या लक्षात आले, की आपले ओठ हलताहेत, आणि परिच्छेद संपला की आपण थांबून कसली तरी चाहूल घेतो आहोत. ‘भाषा ओघवती आहे’ असे त्याने लिहिले. मग ते खोडले.

तासाभराने बाई पत्र घेऊन आल्या. कागदावर खोडलेली एक ओळ होती.

“नाही आवडलं?”

“कळत नाही मला.”

“तुम्हाला?” त्या हसल्या. “‘हा लेखक बायकांना रडवतो, पण त्यांच्या हातांना काही काम देत नाही.’ हे लिहिणाऱ्याला कळत नाही? मी ते वाक्य कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.”

ते त्याचेही सर्वांत आवडते वाक्य होते. वहिनी ते ओठांत टाचण्या धरून बोलली होती; त्याने फक्त एक स्वल्पविराम घातला होता.

पत्रावर त्याचे नाव सुबक टाईप केलेले होते. त्याने ते नीट वाचले, आणि कागद हलकेच बाईंकडे फिरवला.

“ते माझी वहिनी म्हणाली होती,” तो म्हणाला. “सगळं तीच म्हणते. मी नुसतं वाचून दाखवतो.”