तमिळ गाण्यांतले ‘आम्ही’

फाल्गुनातल्या दुपारी लातूरच्या डाळगिरण्यांची पिवळसर धूळ उन्हात तरंगू लागे आणि महाविद्यालयाच्या रिकाम्या स्टाफरूममध्ये सुजाताच्या पेन्सिलीची बारीक खरखर ऐकू येई. कानांत तमिळ गाणे, ओठ मिटलेले, वहीत एकेका ओळीपुढे उभी रेघ. ती संख्याशास्त्र शिकवी, मी मराठी.

तिचे वडील, अण्णा, तीस वर्षे इथली तूरडाळ ट्रकमधून मदुराईला नेत आणि परतताना कॅसेटी आणत. त्यातले एक गाणे ते घरातून निघताना हमखास गुणगुणत; अर्थ मात्र ना त्यांना ठाऊक, ना घरच्यांना. त्या कुतूहलापोटी सुजाता चाळिशीत तमिळ शिकली, आणि त्या भाषेतही आपल्या ‘आपण’ आणि ‘आम्ही’सारखी दोन सर्वनामे आहेत हे कळल्यावर हरखून गेली. ‘नाम्’ ऐकणाऱ्याला सामावून घेणारे, ‘नांगळ्’ त्याला वगळणारे. मीलनाच्या आणि वियोगाच्या शेकडो गाण्यांत कोणते किती वेळा येते, हे ती मोजत होती. सर्वनामच गाळलेल्या ओळी ‘संदिग्ध’ या रकान्यात जात.

अण्णांचे गाणे तिने मुद्दाम शेवटी ठेवले होते. तोवर ते अंथरुणाला खिळले होते. वाणी जड, दृष्टी मात्र शरदातल्या तळ्यासारखी नितळ. मी त्यांना भेटायला गेलो, त्याच दिवशी तिने त्यांना ते गुणगुणत त्या ओळीचा अर्थ सांगितला: आम्ही निघालो, तुम्ही मागे राहा. इथला शब्द ‘नांगळ्’ आहे, हेही सांगितले. अण्णांनी नजर छताकडे वळवली.

“मला वाटायचं,” ते म्हणाले, “तुम्ही समदे हायत त्याच्यात. म्हणून तर म्हणायचो.”

सुजाताने त्यांचा हात ओंजळीत घेतला आणि दिवेलागणीपर्यंत सोडला नाही. पुढच्या आठवड्यात अण्णा गेले.

महिन्याभराने तिने वही उघडली, तेव्हा ती ओळ संदिग्धात टाकावी असे मी सुचवले. एका ओळीने निष्कर्ष हलणार नव्हता.

“शब्द स्पष्ट आहे, सर,” ती म्हणाली. “मी गाणं मोजतेय. अण्णांचं मन मोजायला बसले नाही.”

‘नांगळ्’च्या रकान्यात तिने रेघ ओढली, वही मिटली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली.

माणूस गेल्यावर त्याच्या शब्दांचा अर्थ बदलत नाही. ज्यांना तो उशिरा उमगतो त्यांचे वय मात्र एका क्षणात वाढते, आणि तो अर्थ पुढे आयुष्यभर त्यांच्याजवळ मुकाट्याने बसून राहतो.