सतरावा प्रश्न

अर्ज आठ पानांचा होता, पण कुलूपवाल्याची गाडी सतराव्या प्रश्नापाशी अडली होती. 'कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे काय?' पुढे दोन चौकोन, होय आणि नाही.

विमानतळावरची सगळी कुलपं तो सांभाळायचा. पहिल्या तारखेपासून सुरक्षा परवान्याशिवाय कोणी आत यायचं नाही, असा नवा नियम आला होता. आणि हा बाबा एकोणिसाव्या वर्षी मित्रांच्या नादी लागून औषधांच्या दुकानाचं शटर उघडून आठ महिने तुरुंगात बसून आलेला! शिवाय धंदा बुडाला तेव्हाची दोन कर्जं थकलेली. बायकोला सगळं ठाऊक होतं. घरातच राहणाऱ्या सासूबाईंना मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्याने 'नाही'वर खूण केली.

दुपारी फोन वाजला. त्या शटरच्या वेळचाच एक साथीदार होता. "फॉर्म भरतोयस म्हणे. जुनं काही लिहिलं नसशीलच. माझं एक छोटंसं काम कर, मालगोदामाच्या किल्लीचा ठसा हवाय. नाही जमलं, तर तुझ्या साहेबांशी बोलावं लागेल."

स्वयंपाकघरात जाऊन तो मटकन खाली बसला. तिथे सासूबाई मटार सोलत होत्या. तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट म्हणून काढलेली बाई. त्यांच्यासमोर तो खोकतानाही जपून खोकायचा.

"जावईबापू, कोणाचा फोन?"

खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. त्याने सगळं सांगून टाकलं.

सासूबाईंचा हात थांबला नाही. "लग्नाआधी कळलं असतं, तर मुलगी दिली नसती. पण बारा वर्षं बघतेय तुम्हाला. आणा तो अर्ज."

"आई, 'होय' लिहिलं तर नोकरी जाईल."

"जाईलही. पण 'नाही' लिहिलंत, तर जन्मभर त्या मेल्याची चाकरी कराल. अहो, परवाना देणारे लोक तुम्ही कधी घसरलात एवढंच बघत नाहीत. तुम्हाला घाबरवून कोण काम करून घेईल, तेही बघतात. आज एका फोनने तुम्ही जमिनीवर आलात. तुम्हाला कसा द्यायचा परवाना?"

त्याला लख्ख उमगलं. खरा धोका त्या आठ महिन्यांत नव्हताच, ते लपवण्यात होता!

त्याने खूण खोडून 'होय'वर केली, शेजारी सही केली. दोन्ही कर्जं लिहिली. आजचा फोनही लिहिला.

पुढचे तीन महिने चौकशीत, बिनपगारी गेले. दारावरची बेल वाजली की तो आधी खिडकीतून बघायचा. एके दिवशी चौकशी अधिकारी घरीच आले. त्यांनी सासूबाईंनाच विचारलं, "यांच्यावर विश्वास ठेवाल?"

"माझ्या दागिन्यांच्या कपाटाचं कुलूप यांनीच बसवलंय," त्या म्हणाल्या. "सगळं कळल्यावरही मी ते बदललेलं नाही."

परवाना मिळाला, पण एकाच वर्षाचा. कर्जांच्या हप्त्यांच्या पावत्या दर महिन्याला दाखवायची अटही होती. त्या दिवशी तो कित्येक वर्षांनी निवांत जेवला.

मंडळी, आपण लपवलेली चूक कोणाच्या तरी हातातला चाबूक होते. ती कबूल केल्यावर शिक्षा होईलही, पण चाबूक त्याच्या हातातून गळून पडतो. आणि चूक कबूल करणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवायचं नाही, एवढं आपल्याला करता येईल.