गिरण थांबली त्या दुपारी

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकेचाळीस टक्क्यांचा आकडा होता आणि वाडीतल्या पिठाच्या गिरणीनं नवं दळण घेतलं. स्टॅबिलायझरचा काटा दोनशेदहावरून एकशेसाठवर आला. यूपीएस सात मिनिटं शिट्ट्या मारत राहिला आणि मग त्यानंही मान टाकली. पडदा काळा झाला.

सकाळपासून हे दुसऱ्यांदा.

मोहसीननं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. साडेबारा. त्या आठवड्यात वाडीला वीज दहा ते चार मिळत होती. गिरणही त्याच वेळात चालायची, कारण तिलाही वीज लागत होती. शेवटची एसटी फाट्यावर सव्वाचारला.

भोरला एसटी स्टँडजवळ त्याचं दुकान होतं. आधी रेडिओ, मग टीव्ही, आणि गेली पाच वर्षं, म्हणजे अठ्ठ्याण्णव सालापासून, कॉम्प्युटर. दोनशेच्या वर मशिनांवर त्यानं विंडोज चढवलं होतं. सीडी घालायची, चहा सांगायचा, टक्के चढताना गिऱ्हाइकाशी गप्पा मारायच्या. त्यात बघण्यासारखं काही असतं असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

हे मशिन मात्र त्यानंच विकलेलं होतं. पुण्यातल्या एका ऑफिसनं काढून टाकलेला पेंटियम, पंधरा इंची काचेचा मॉनिटर, दोन जीबीची हार्डडिस्क. घेतलं होतं सावळाराम गुरुजींच्या सुनेनं, सौदामिनीनं.

गुरुजी चौऱ्याहत्तर वर्षांचे. दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली होती, कडेकडेची तेवढी राहिली होती. समोर माणूस बसला तर त्याचे खांदे दिसायचे, तोंड दिसायचं नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, यावर औषध नाही; उरलंय तेही किती दिवस, सांगता येत नाही. चार वर्षं गुरुजींनी एक ओळ वाचली नव्हती. सौदामिनी पेपर वाचून दाखवायची, ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "चांगलं वाचलंस हो. पण दुसऱ्यानं चावून दिलेला घास आहे हा."

सौदामिनी माहेरची भोरची. टायपिंगची परीक्षा पास झालेली. मोहसीनच्या दुकानात लग्नपत्रिकेची अक्षरं पडद्यावर वाढवताना तिनं पाहिली, एक शब्द पडदाभर झालेला पाहिला आणि तिथंच उभी राहिली. पंधरा दिवसांनी मशिन वाडीत आलं. ती पेपरातली बातमी टाइप करायची, अक्षर मोठं करायची; गुरुजी काचेपासून वीतभर अंतरावर मान कोंबड्यासारखी तिरकी करून डोळ्याच्या कडेनं वाचायचे. एका पडद्यावर तीन शब्द. नऊ दिवस त्यांनी असं वाचलं. दहाव्या दिवशी पडदा निळा झाला, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली आणि मशिन पुढं जाईना.

म्हणून मोहसीन आला होता. डिस्क पुसायची, विंडोज नव्यानं टाकायचं, तासाभराचं काम. सकाळी त्यानं डिस्क पुसलीही. म्हणजे कालपर्यंत जे अडखळत का होईना उभं होतं, ते आता त्याच्याच हातानं कोरं झालं होतं.

काटा जरा वर आला तेव्हा डब्याला कान लावून त्यानं मशिन पुन्हा सुरू केलं. आत बारीक आवाज आला. टक्. थांबून, टक्.

"वहिनी, खरं सांगतो," तो आवाज खाली आणून म्हणाला, "डिस्क दुखावलीय. एसटीच्या टपावरनं आली, नसरापूरपासनं हितवर रस्ता तुम्हाला ठावा हाय. त्यात दोनदा लिहिता लिहिता वीज गेली. अजून एकदा मधेच बंद पडली तर उठायची न्हाई."

"भोरला न्या मग. तिकडं वीज बरी असते."

"न्हेईन. पण परत आणायचीय ना? त्या रस्त्यानं ही परत जिती यायची न्हाई. आणि एवढी लहान डिस्क आता बाजारात मिळत न्हाई. मोठी ह्या मशिनला चालत न्हाई. पुण्याला सांगून ठेवतो, पण महिना लागंल का दोन, काय सांगू?"

आतल्या खोलीतून आवाज आला, "मोहसीन, माझे डोळे गेलेत. कान शाबूत आहेत."

मोहसीननं मशिन बंद केलं आणि आतल्या दाराकडं पाहिलं.

"महिना-दोन महिन्यांनी मशिन येईल," गुरुजी म्हणाले. "मी काय घेऊन बसू त्याच्यासमोर, ते बघायला हवं."

मोहसीन उठला आणि गिरणीकडं गेला.

गिरण धोंडाबाईची. नवरा गेल्यावर सतरा वर्षं ती एकटीनं चालवत होती. दहा हॉर्सपॉवरची मोटर, लांब पट्टा, दारावर रंगवलेली फळी. दसरा चार दिवसांवर आलेला, त्यामुळं ओसरीत गव्हाचे आणि डाळीचे डबे ओळीनं लावलेले. धोंडाबाईच्या भुवयांवर पीठ बसलं होतं.

"मावशी, पाऊण तास गिरण बंद ठेवता का?" मोहसीन ओरडला. आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

तिनं बटण दाबलं. पट्टा हळूहळू थांबला.

"काय म्हणलास?"

त्यानं पुन्हा सांगितलं. रांगेतल्या बायका हसल्या.

"आरं लेकरा, ही गिरण गावात माणूस गेलं तरच भर दुपारची बंद ऱ्हाती. मयत उचलंस्तवर. त्याबिगर म्या कवा बंद ठेवली न्हाई, सासू आजारी हुती तवाबी न्हाई. तुजं त्ये यंतर काय माणूस हाय व्हय?"

"यंत्र न्हाई मावशी. गुरुजी त्याच्यावर वाचतात. आज बसलं नीट तर वाचतील. न्हाई बसलं तर मग राहिलंच."

"म्हातारा वाचतोय? दिसत न्हाई की त्यास्नी."

"ह्याच्यावर दिसतं. अक्षर एवढं होतं." त्यानं दोन्ही हातांनी भाकरीएवढा गोल करून दाखवला.

धोंडाबाईनं दारावरच्या फळीकडं पाहिलं. ती फळी गुरुजींनी रंगवून दिली होती, सतरा वर्षांपूर्वी, एक पैसा न घेता. फळीवरचं तिचं नाव तिला वाचता येत नव्हतं. पण ते तिचंच आहे एवढं तिला माहीत होतं.

"किती येळ म्हणलास?"

"पाऊण तास. लई तर एक."

तिनं मेन खाली ओढला, तीनही फ्यूज उपसून काढले आणि पदराच्या टोकात बांधून कमरेला खोचले.

"आगं आक्का, माजी डाळ अर्धी पडलीया जात्यात," एक बाई म्हणाली.

"पडू दे. पळून जाती व्हय डाळ? आणि माज्या माघारी कुणी मोटर लावशीला, म्हणून ह्ये माज्यापाशी. चल रं बाबा, बघू तुजं यंतर."

एक वाजून दहा मिनिटांनी मोहसीननं तिसऱ्यांदा सुरुवात केली. काटा दोनशेपंधरावर होता. त्यानं फ्लॉपी घातली, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. डिस्क पुसताना ती एका जागी अडली. मशिननं तेवढी जागा खराब म्हणून सोडून दिली आणि पुढं गेलं. मग सीडी फिरू लागली. पडदा निळसर झाला, खाली पट्टी आली. एक टक्का. दोन.

धोंडाबाई उंबऱ्यात बसली होती. गुरुजी आतून येऊन खाटेवर बसलेले. सौदामिनी काट्याकडं बघत उभी. त्या शांततेत मोहसीनला प्रथमच कळलं, की वाडीत गिरणीचा आवाज किती मोठा असतो. तो नसला की ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं. दूरच्या आळीतलं वासरू ऐकू येत होतं.

अकरा टक्के झाले आणि अंगणात पावलं वाजली. भिमा कोंढाळकर, गुरुजींच्या शेजारचा. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायात चपला नाहीत, चेहरा पडलेला. उंबऱ्यात धोंडाबाई बसलेली पाहून तो अंगणातच थांबला.

"कवा गेलं?" त्यानं हळूच विचारलं.

"कोण?"

"गुरुजी."

"अजून नाही रे," आतून गुरुजी म्हणाले. "ये, बस. घाई असेल तर सांग तसं."

भिमानं टॉवेलाचं टोक तोंडाला लावलं. हसावं का रडावं हे त्याला ठरवता येईना. "गिरण थांबली, आन् म्या इकडं बघितलं तर मावशी तुमच्याच दारात! मग काय समजू?"

तो एकटाच नव्हता. गिरण भर दुपारी थांबली म्हणजे कुणीतरी गेलं, एवढंच वाडीला माहीत होतं. कोण, ते बघायला लोक धोंडाबाईच्या मागावर निघाले होते. शेतातून, ओढ्याकडून, वरच्या आळीतून माणसं येत होती. पुरुष अंगणात टेकले, बायका भिंतीला धरून बसल्या, मयताच्या घरी बसतात तशाच. सौदामिनी प्रत्येकाला दबक्या आवाजात सांगत होती, की कुणी गेलेलं नाही, मशिन बसवायचं चाललंय, वीज पुरायला हवी.

मोहसीनला वाटलं, आता उठून जातील. कुणी उठलं नाही.

उलट भिमा उठला, शेजारी आपल्या घरात गेला आणि परत आला. "टीव्ही बंद केला आन् पंखाबी." मग दुसरा एक जण गेला. मग दोन बाया. कुणी कुणाला सांगत नव्हतं. कुणी पिठाच्या डब्यासारखा जुना फ्रिज बंद करून आला, कुणी देवळातला दिवसाउजेडी जळणारा बल्ब.

काटा दोनशेवीस झाला. दोनशेसव्वीस. मोहसीननं हा काटा या घरात इतका वर कधी पाहिला नव्हता. स्टँडजवळच्या त्याच्या दुकानातही क्वचितच. एकेका घरातून काढून घेतलेली वीज त्या एका तारेनं इथं येत होती, आणि ती डोळ्यांना दिसत होती, बोटभर लांबीच्या काट्यावर.

एकेचाळीस टक्के आले. गेले.

सदुसष्टला पट्टी थांबली.

टक्. टक्. टक्.

सीडी फिरायची राहिली. मोहसीनचे हात मांडीवर होते. इथं त्याला काहीच करता येण्यासारखं नव्हतं. बटण दाबलं तरी घात, नाही दाबलं तरी काय होईल ते आतल्या त्या गोल पत्र्यालाच ठाऊक. दोनशे मशिनं त्यानं बसवली होती, पण चहा पिता पिता. आत काय चाललेलं असतं हे त्यानं कधी मनात आणलं नव्हतं. कोऱ्या पत्र्यावर एक सुई फिरते, आणि जो काल कुणीच नव्हता त्याला ती सांगत जाते, हे अक्षर, हा पडदा, हे तुझं घड्याळ, आजची तारीख ही. पहिल्यापासून सगळं. आणि ऐकणारा म्हातारा झालेला, एक कान गेलेला, ते सांगणं पुन्हा पुन्हा मागतोय. टक्. काय म्हणालात? टक्.

अंगणात तीस-चाळीस माणसं होती. कुणी खोकत नव्हतं. तो आवाज त्यांनाही ऐकू येत होता.

"नाडी लागतेय का?" गुरुजींनी विचारलं.

"लागतेय," मोहसीन म्हणाला.

घड्याळात दोन मिनिटं आणि चाळीस सेकंद गेले. मग आत काहीतरी सरकलं, सीडीचा घुर्र आवाज झाला आणि पट्टी अडुसष्टवर गेली.

भिमानं डोक्याचा टॉवेल काढला आणि मांडीवर ठेवला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दोन वाजून पाच मिनिटांनी मशिन आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झालं, आणखी एकदा झालं, आणि मग हिरव्यानिळ्या रंगाचा मोकळा पडदा आला. कोपऱ्यात घड्याळ चालू होतं. मोहसीननं मराठी फॉन्टची फ्लॉपी घातली. त्याशिवाय सौदामिनीनं काही टाइप केलं असतं तरी इंग्रजी खुणांचा कचराच दिसला असता. फॉन्ट बसला.

"वहिनी, या."

सौदामिनी बसली. पेपर उघडायला तिनं हात लांब केला, तर गुरुजी म्हणाले, "पेपर राहू दे. अंगणात कोण कोण आहे ते लिही. मला तोंडं दिसत नाहीत त्यांची."

तिनं मागं वळून पाहिलं आणि टाइप करू लागली. अक्षर मोठं केलं. मोहसीननं गुरुजींना दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. त्यांनी मान तिरकी केली, चेहरा काचेजवळ नेला. काचेचा उजेड त्यांच्या पांढऱ्या दाढीच्या खुंटांवर पडला. मग ओठ हलले.

"भिमा," त्यांनी वाचलं. "कोंढाळकर."

"हाय जी," भिमा अंगणातून म्हणाला, शाळेत हजेरीला म्हणावं तसा.

"धोंडाबाई."

धोंडाबाई उंबऱ्यातून उठून आत आली. पडद्यावर तिचं नाव चार बोटं उंचीचं उभं होतं. तिनं ते बोटानं, काचेला न शिवता, हवेतच डावीकडून उजवीकडं गिरवून पाहिलं.

"ह्येच व्हय? फळीवर हाय त्येच?"

"तेच."

"मग फळीवर लईच बारकं काढलंया तुमी," ती म्हणाली.

एकेक नाव येत गेलं, एकेक जण "हाय" म्हणत गेला. मोहसीननं सामान आवरलं. निघताना त्याला सांगणं भाग होतं, म्हणून त्यानं धोंडाबाईला बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, सणाच्या दिवसांत गिरण दिवसभर चालली तर हे रोज बंद पडणार. एवढ्या विजेत दोन्ही एकदम चालत न्हाईत."

धोंडाबाईनं कमरेचे फ्यूज चाचपले. "दोन ते तीन," ती म्हणाली. "तवा म्या तशीबी भाकर खाती. तासभर खाईन." मग दळणाच्या रांगेतून तिच्या मागं आलेल्या बायकांकडं वळून मोठ्यानं, "ऐकलं का गं? दोन ते तीन दळान न्हाई. आन् कुनी बोंबलत यायचं न्हाई, कोन मेलं म्हनून!"

चारला दहा कमी असताना मोहसीन फाट्यावर पोचला. भाताची खाचरं पिवळी पडत होती. वाडीकडून गिरणीचा आवाज अजून आला नव्हता. आज दोन ते तीनच्या पुढंही बराच वेळ गेला होता.

वेल्ह्याकडं जाणाऱ्या एसटीतून एक माणूस उतरला. हातात पिशवी, वाडीचाच असावा. दोन पावलं चालून तो थांबला, कान दिला आणि मागं वळला.

"पाव्हनं, वाडीत कोन गेलं का हो?"

"न्हाई," मोहसीन म्हणाला. "गुरुजी वाचतायत."

माणसाला ते कळलं की नाही, कोण जाणे. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि तोही तिकडं तोंड करून ऐकत उभा राहिला.