कुलसुमबीच्या अंगणातली धपाटी

वाशी गावात आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या चोळ्या कुलसुमबी शिवायची. तिनं शिवलेली चोळी आमच्या अंगाला चालायची, तिच्या चुलीवरचं मात्र पोटाला चालत नव्हतं. ईद असो नाहीतर लग्न, ती आम्हाला कोरडा शिधा द्यायची. पीठ, डाळ, गूळ घरी आणायचं, आपल्या हातानं शिजवायचं, आणि कुलसुमबीकडं जेवलो असं खुशाल सांगायचं. पिठाला तिच्या घरचं पाणी लागलं की ते विटाळलं. कोरडं असेपर्यंत चोख. हे कुणी ठरवलं देव जाणे, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी तिच्या धाकटीचं, अजीजाबीचं, लग्न ठरलं. मुलगा माकणीचा. कुलसुमबी तडक आमच्या ओसरीवर आली आणि माझ्या सासूबाईंना म्हणाली, "मथुराबाई, या बारीला शिधा न्हाय. थोरलीच्या लग्नात तुमी समद्या दारातनंच माघारी गेलात. हिला तरी जायच्या आधी आमच्या अंगणात तुमाला जेवताना बघू दे."

सासूबाई पदराशी चाळा करत राहिल्या. पण कुलसुमबी तोड काढूनच आली होती. प्रत्येकीनं आपलं धपाटं आपणच मळायचं, आपणच थापायचं, आवडेल ते घालायचं आणि गरमागरम खायचं. ती स्वतः कशालाही हात लावणार नव्हती. मग कसली अडचण?

अडचणी काढायला बायकांना काय लागतं! तवे कुणाचे, असं एकीनं विचारलं. कुलसुमबीनं कुंभाराकडून खापराचे सात नवे तवे आणले. पाण्याचं काय? पाणी आमच्या आडाचं, शेंदायचं मी. मल्लम्मा तर गल्लीत सगळ्यांत सोवळी. लिंगायत, गळ्यात लिंग, घरात कांदाही वेगळ्या विळीनं चिरणारी. चूल कोण पेटवणार, असं तिनं विचारलं. कुलसुमबीनं शांतपणे सांगितलं की विस्तव मल्लम्मानंच आपल्या घरून आणावा. कुलसुमबीचे मालक खाजामियाँ म्हणाले, एवढ्या मिनतवाऱ्या कशाला, शिधा देऊन मोकळी हो. तिनं ऐकलं नाही.

लग्नाच्या चार दिवस आधी, दुपारी, अंगणात सात चुली मांडल्या. मधे ज्वारीचं पीठ, बेसन, मेथी, कांदा, तीळ, लसूण, दाण्याचं कूट, ठेचा. आधी सगळ्या अवघडून बसल्या. मग तव्यावर पहिलं धपाटं चरचरलं आणि तोंडं सुटली. मी मेथी घातली, सासूबाईंनी नुसता लसूण. हिचं कसं झालंय बघू म्हणून तुकडे इकडून तिकडं फिरायला लागले. मल्लम्माच्या धपाट्यातले तीळ सगळ्यांना आवडले. अजीजाबी दारात उभी राहून हसत होती.

सातव्या चुलीवर कुलसुमबी होती. स्वतःचं धपाटं तिनंही थापलं होतं. तिचा तुकडा कुणी मागितला नाही. आमचे तुकडे तिच्यापर्यंत जात होते, ती खात होती, छान झालंय म्हणत होती, आणि तिचं धपाटं तिच्यापुढं अख्खं निवत होतं. मला ते दिसत होतं. लाज वाटत होती, आणि तरी मी खाली मान घालून खातच होते.

अजीजाबीचं हसू हळूहळू मावळलं. ते कुलसुमबीनंही पाहिलं असावं. तिनं धपाटं मोडलं, तुकडे ताटलीत ठेवले आणि उठली. 

"माझ्या हातचं हाय," ती म्हणाली. "पानी तुमचं, पीठ म्या मळलंय. लपवून देत न्हाय, सांगून देते. घ्यायचं त्यानं घ्यावं."

पहिल्या तिघींनी मानेनंच नको म्हटलं. ती रागावली नाही, ताटली पुढं नेली. सासूबाईंनी तुकडा उचलला, पण पदराच्या गाठीत बांधला. घरी जाऊन त्यांनी तो गाईला घातला असणार. माझ्यापुढं ताटली आली तेव्हा मी सासूबाईंकडं बघितलं. तेवढ्यात ती पुढं सरकली. त्या एका नजरेबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

शेवटी मल्लम्मा. कुलसुमबी तिच्यापुढं उभी राहिली आणि हलेना. मल्लम्मानं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली. मग तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिली. 

"मीठ कमी पडलंय गं कुलसुम," ती म्हणाली. "दुसरं थाप. अख्खं दे मला."

कुलसुमबी चुलीशी बसली. घाईघाईनं तिनं पीठ मळलं, धपाटं वेडंवाकडं झालं. मी माझी ताटली उचलली आणि सासूबाईंकडं न बघता तिच्या चुलीपाशी जाऊन बसले.